येशूचं मानवी शरीर आत्ता कुठे आहे? कॅथलिक-प्रोटेस्टंट वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न

सीनाकाठचा

आमच्या प्रोटेस्टंट घरांत एक वाक्य सहज बोललं जातं: "कॅथलिक लोक मरियेला देव करून बसले." कॅथलिक घरांतलं उत्तरही ठरलेलं: "पोपला सोडलंत तेव्हाच तुम्ही जुन्या मंडळीची शिकवण सोडलीत." दोन्ही मी लहानपणापासून ऐकत आलो आणि आता दोन्ही मला खोटी वाटतात. येशू देव कसा आणि माणूस कसा, याविषयी पहिल्या पाच शतकांत जे ठरलं ते रोमला मान्य आहे, जर्मनीतला प्रोटेस्टंट पुढारी ल्यूथर याला मान्य होतं, जिनिव्हातल्या कॅल्व्हिनलाही होतं. तरी याच विषयावरून सोळाव्या शतकात लोक एकमेकांना पाखंडी ठरवत होते. हे कसं झालं ते नीट मांडावं, म्हणून हा धागा.

आधी ठरलं काय, ते थोडक्यात. अलेक्झांड्रियाचा एरियस हा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा आणि सर्वश्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता अशीही एक वेळ होती. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने (आजचं तुर्कस्तानातलं इझनिक) हे नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं जाहीर केलं. मग प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. देव आहे हे ठरलं, पण माणूस कितपत? लावदिकीयाचा अपोलिनेरिस म्हणाला, शरीर माणसाचं, मात्र मानवी बुद्धीच्या जागी देवाचा शब्द. त्यावर नाझियांझसच्या ग्रेगरीने दिलेलं उत्तर मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं: जे त्याने धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. माणसाची बुद्धी त्याने घेतलीच नसेल, तर आपली बुद्धी तारणाबाहेर राहिली. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला अपोलिनेरिसचं मत बाद झालं. ४३१ मध्ये इफिसला नेस्टोरियसचा प्रश्न आला, ख्रिस्तातला देव आणि माणूस वेगळे पाडल्याचा त्याच्यावर आरोप होता; त्याबद्दल खाली बोलणं होईलच. आणि ४५१ मध्ये कॅल्सेडॉनला (आज इस्तंबूलचा काडिकॉय भाग) सूत्र ठरलं: व्यक्ती एक, स्वभाव दोन, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन स्वभावांत मिसळ नाही, बदल नाही, फूट नाही, वियोग नाही.

इथवर सगळे एकत्र आहेत. आता १५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्गला चला. हेसचा फिलिप हा जर्मन संस्थानिक प्रोटेस्टंटांची एकजूट करू पाहत होता, म्हणून त्याने ल्यूथर आणि झ्युरिकचा झ्विंग्ली यांना आपल्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. ल्यूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, "हे माझं शरीर आहे." झ्विंग्लीने योहानाच्या ६ व्या अध्यायातलं ६३ वं वचन पुढे केलं, आत्मा जिवंत करणारा आहे, देहापासून काही लाभ होत नाही. शेवटी १५ कलमं लिहिली गेली. त्रैक्य, देहधारण, दोन स्वभाव अशा १४ कलमांवर सह्या झाल्या आणि प्रभुभोजनाच्या पंधराव्या कलमात, भाकरी-द्राक्षारसात प्रभूचं शरीर आणि रक्त खरोखर आहे का, एवढ्या मुद्द्यावर गाडं अडलं.

लोक हे प्रभुभोजनाचं भांडण म्हणून सांगतात. पण दोघांचे युक्तिवाद वाचले की लक्षात येतं, वाद ख्रिस्ताच्या माणूसपणाचा आहे. झ्विंग्लीचं म्हणणं असं: खऱ्या मानवी शरीराला जागा लागते. येशू स्वर्गात गेला, पित्याच्या उजवीकडे बसला, म्हणजे त्याचं शरीर तिथे आहे. ते एकाच वेळी जर्मनीतल्या हजार वेद्यांवर असेल, तर ते आपल्यासारखं शरीर राहिलंच नाही. ल्यूथरचं म्हणणं: देवाचा उजवा हात म्हणजे सिंहासनाशेजारची खुर्ची नव्हे, देवाचा उजवा हात सर्वत्र आहे. देव आणि मनुष्य एका व्यक्तीत जोडले गेलेत, तर जिथे देव तिथे ती मानवताही असलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही ख्रिस्ताचे दोन तुकडे केलेत. झ्विंग्लीच्या बाजूने ल्यूथरवर आरोप झाला की त्याने माणूसपण देवपणात विरघळवलं, म्हणजे तो कॅल्सेडॉनने बाद केलेल्या युटिकेसच्या वाटेने गेला. ल्यूथरच्या बाजूने आरोप झाला की झ्विंग्ली नेस्टोरियसच्या वाटेने गेला. हजार वर्षांपूर्वीची नावं, तीच शस्त्रं.

आणि रोम यात कुठे उभं आहे? मला वाटलं होतं ल्यूथरच्या जवळ असेल, कारण दोघंही भाकरीत खरी उपस्थिती मानतात. तसं नाही. १५५१ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने स्पष्ट लिहिलं की नैसर्गिक अस्तित्वाच्या रीतीने ख्रिस्त स्वर्गातच पित्याच्या उजवीकडे आहे आणि संस्काराच्या रीतीने, आपल्या तत्त्वासह, अनेक ठिकाणी उपस्थित आहे. ख्रिस्ताची मानवता आपोआप सर्वत्र असते असं रोम म्हणत नाही. कॅथलिक विद्वान थॉमस अक्वायनस तर तेराव्या शतकातच सांगून गेला होता की वेदीवर ख्रिस्ताचं शरीर 'एखादी वस्तू जागा व्यापते' तसं नसतं.

याहून मोठं आश्चर्य कॅल्व्हिनचं. त्याने लिहिलं की देवाचा पुत्र स्वर्गातून उतरला, तरी स्वर्ग सोडला नाही. मरियेच्या उदरात होता, वधस्तंभावर होता, आणि त्याच वेळी सारं जग भरून होता. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतही हे आहे: देवपण मानवतेत सामावलेलं आहे, तरी मानवतेबाहेरही आहे. ल्यूथरपंथीयांनी या शिकवणीला कॅल्व्हिनच्या नावाचा शिक्का मारला, जणू ती त्याची नवी टूम. पण एरियसचा कट्टर विरोधक, अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथनेशियस याने चौथ्या शतकात हेच लिहिलंय, ऑगस्टीनने लिहिलंय, अक्वायनसने लिहिलंय. या एका मुद्द्यावर जिनिव्हा आणि रोम एका बाजूला, ल्यूथरचं विटेनबर्ग एकटं.

मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा खरा फरक कुठे? माझं मत: ख्रिस्ताची मानवता स्वर्गात आहे यावर रोम आणि कॅल्व्हिन यांचं जुळतं. ती मानवता आपल्यापर्यंत कशी पोहोचते, यावर ते वेगळे होतात. रोम म्हणतं, मंडळी, संस्कार, धर्मगुरू, संत, मरिया यांच्यामधून, कारण मंडळी हे त्याचं चालू राहिलेलं शरीर आहे. कॅल्व्हिन म्हणतो, पवित्र आत्मा आपल्याला वर उचलून त्याच्यापाशी नेतो, मधे कुणी नको. बाकीची भांडणं या एका फाट्यावरून फुटतात. जाणकारांनी बोलावं.

---

वसईची_लेक

खूप दिवसांनी इथे कुणी कॅथलिकांचं म्हणणं ट्रेंटच्या शब्दांत मांडलं. मनापासून आभार. मरियेचा विषय तुम्ही नुसता स्पर्शून सोडलात, म्हणून तिथून सुरू करते.

आम्ही जपमाळेत रोज म्हणतो, हे पवित्र मरिये, देवमाते. ४२८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष झालेल्या नेस्टोरियसला हाच किताब खटकला. देवाला आई कशी असेल? तिला ख्रिस्तमाता म्हणा, असा त्याचा आग्रह. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने ओळखलं की प्रश्न मरियेचा नाहीच. गोठ्यात रडलेलं बाळ कोण होतं? देवाचा पुत्र असेल, तर ज्या बाईने त्याला जन्म दिला ती देवाची आई. ती फक्त 'ख्रिस्ताची' आई म्हटली, तर ख्रिस्त आणि देवाचा पुत्र हे दोघे वेगळे निघतात. इफिसने सिरिलचं मानलं.

म्हणजे हा किताब येशूबद्दलची कबुली आहे. ती देव आहे असं त्यात कुठे आलं? तुमच्याकडच्या कुणालाही विचारा: क्रुसावर मेला तो कोण? "देवाचा पुत्र" असं उत्तर आलं, की ते देवमाता म्हणण्यापासून एक पाऊल लांब उभे आहेत. ल्यूथरने १५२१ मध्ये मरियेच्या स्तोत्रावर लिहिताना तिला देवाची आई म्हटलंच आहे, आणि १५३९ मध्ये परिषदांवर लिहिलं तेव्हा इफिसचा निकाल उचलून धरला. झ्विंग्लीनेही मरियेवर आदराने प्रवचन केलंय. कॅल्व्हिनला मात्र तो किताब लोकांच्या तोंडी रुळलेला आवडत नव्हता. शिकवण त्याला मान्य होती, सवयीची त्याला भीती वाटत होती.

१८५४ चा निष्कलंक गर्भसंभव आणि १९५० चं स्वर्गोन्नयन हे सिद्धांत प्रोटेस्टंटांना मान्य नाहीत, ते मी समजू शकते. इफिसचा किताब मात्र त्यांचाही आहे. तो त्यांनी टाकू नये असं मला कळकळीने वाटतं.

आता माझा प्रश्न. कॅल्सेडॉन बरोबर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

---

सीनाकाठचा

प्रश्न योग्य ठिकाणी बसला.

प्रोटेस्टंट उत्तर असं की कॅल्सेडॉन शास्त्राशी जुळतं म्हणून आम्ही ते मानतो. परिषदेने सांगितलं एवढ्यावर नाही. १५१९ मध्ये लायप्झिगच्या वादात योहान एक नावाच्या कॅथलिक विद्वानाने ल्यूथरला कोंडीत पकडलं, तेव्हा ल्यूथर म्हणून गेला की परिषदाही चुकू शकतात. कॉन्स्टन्सच्या परिषदेने यान हुसला दोषी ठरवून जाळलं होतं, ते त्याच्या डोळ्यापुढे होतं. इंग्लंडच्या ३९ कलमांतही दुसरं कलम ख्रिस्ताचे दोन स्वभाव कबूल करतं आणि एकविसावं म्हणतं की सर्वसाधारण परिषदा चुकू शकतात, चुकल्याही आहेत. कॅल्व्हिनने पहिल्या चार परिषदांना पवित्र मानून स्वीकारलं, कारण त्याच्या मते त्यांत शास्त्राच्या निखळ अर्थाखेरीज काही नाही.

इतिहासही आमच्या बाजूने एक साक्ष देतो. ३५९ मध्ये रिमिनी आणि सेल्युकिया इथे दोन मोठ्या परिषदा भरल्या आणि सम्राटाच्या दबावाखाली नायसियापासून मागे सरकल्या. जेरोमने नंतर लिहिलं की सारं जग कण्हलं आणि आपण एरियसवादी झालो हे पाहून चकित झालं. त्या दिवसांत परिषदांची मोजदाद केली असती तर अथनेशियस हरला असता. तो शास्त्राला धरून राहिला आणि पुन्हा पुन्हा हद्दपार झाला.

---

वसईची_लेक

अथनेशियस शास्त्राला धरून राहिला, मान्य. पण एरियसही शास्त्रच वाचत होता. नीतिसूत्रे ८:२२ आणि योहान १४:२८, 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे,' ही वचनं एरियसच्याच बाजूची हत्यारं होती. 'एकतत्त्व' हा शब्द पवित्र शास्त्रात कुठेही नाही, आणि नायसियात अनेकांनी त्याच कारणासाठी त्याला विरोध केला होता. शास्त्राचा अर्थ कोणता खरा, हे ठरवायला शेवटी कुणीतरी लागलंच ना?

४४९ चं उदाहरण बघा. इफिसलाच सम्राटाने परिषद बोलावली, अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष डायोस्कोरस अध्यक्ष, युटिकेसला निर्दोष सोडलं, कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष फ्लाव्हियन पदावरून काढला गेला, तिथे त्याला मारहाण झाली आणि थोड्याच काळात तो मेला. बाहेरून पाहिलं तर ती रीतसर परिषद होती. तिला 'लुटारूंची परिषद' म्हणणारा माणूस रोमचा पोप लिओ. दोन वर्षांनी कॅल्सेडॉनमध्ये त्याचंच पत्र वाचलं गेलं आणि सूत्राचा कणा बनलं. तुम्ही ज्या चार नकारांवर उभे आहात, त्यांच्याखालची जमीन पीटरच्या, म्हणजे रोमच्या आसनाने सावरली आहे.

---

उपासक_७२

ताई, लिओचं नाव घेतलंत तर होनोरियसचंही घ्यायला हवं. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपुढे प्रश्न होता, ख्रिस्तात इच्छा एक की दोन? परिषदेने दोन म्हटलं: देवाची आणि माणसाची, आणि माणसाची इच्छा देवाच्या इच्छेला मनापासून अनुसरणारी. त्याच परिषदेने पोप होनोरियसला पाखंडी म्हणून शाप दिला, कारण त्याने पत्रात एका इच्छेची भाषा वापरली होती. त्याला मरून चाळीस वर्षं होऊन गेली होती, तरी सोडलं नाही. रोमचं आसन चुकत नसतं, तर हे कसं घडलं? १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत आला तेव्हा कॅथलिक धर्माध्यक्षांमध्येच या प्रकरणावरून रण माजलं होतं.

दुसरं, दोन इच्छांसाठी खरी किंमत मोजली ती मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने. ६६२ मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात छाटला आणि त्याच वर्षी तो निर्वासनात मेला. १९ वर्षांनी त्याचं म्हणणं परिषदेने खरं ठरवलं. गेथशेमाने बागेत 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं म्हणणारा येशू खरोखर माणूस म्हणून आज्ञाधारक होता, यासाठी एका माणसाने जीभ गमावली. मला पोप की परिषद या वादापेक्षा हे मोठं वाटतं.

---

वसईची_लेक

होनोरियसचं नाकारत नाही. पोप लिओ दुसरा याने परिषदेला मान्यता देताना होनोरियसचा दोष वेगळ्या शब्दांत मांडला, की त्याने मंडळीची निर्मळ श्रद्धा डागाळू दिली. त्याने जगासाठी सिद्धांत जाहीर केला नव्हता, पत्रं लिहिली होती; १८७० चा सिद्धांत फक्त जाहीर व्याख्येपुरता आहे. पटणार नाही तुम्हाला, पण उत्तर हे आहे.

मॅक्सिमसबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. आणि त्याने आधार मागितला तो रोमकडेच. ६४९ ची लॅटरन परिषद पोप मार्टिन पहिला याने भरवली, मॅक्सिमस तिथे होता. मार्टिनही क्रिमियात हद्दपारीत मेला. त्या दोघांनी एकत्र सोसलंय.

---

कोट्टयम_ते_खडकी

मी मलंकारा ऑर्थोडॉक्स घरातला, दोन पिढ्या पुण्यात. हा धागा वाचताना मला सारखं वाटतंय की इथे दोन भाऊ वाटणीवरून भांडताहेत आणि तिसऱ्या भावाला कुणी बोलावलंच नाही. आमची मंडळी कॅल्सेडॉन मानत नाही. कॉप्ट, सिरियन, आर्मेनियन, इथिओपियन आणि आम्ही. पण म्हणून आम्ही युटिकेसचे अनुयायी नाही, आम्हीही त्याला शापित मानतो. आम्ही सिरिलचे आहोत: 'देवशब्दाचा एकच देहधारी स्वभाव.' पूर्ण देव, पूर्ण माणूस, मिसळ नाही. फक्त एकत्र आल्यावर 'दोन' म्हणणं आम्हाला परत फूट पाडण्यासारखं वाटलं. (प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सूत्र सिरिलने अथनेशियसचं समजून उचललं, आणि ते मुळात अपोलिनेरिसच्या शिष्यांनी अथनेशियसच्या नावावर खपवलेल्या लिखाणातलं होतं. सिरिलने त्याला शुद्ध अर्थ दिला, हे महत्त्वाचं.)

आता गोव्याचा संबंध सांगतो. सोळाव्या शतकात केरळचे थोमा ख्रिस्ती पूर्वेकडच्या सिरियाक मंडळीशी जोडलेले होते, जिला लॅटिन लोक नेस्टोरियन म्हणत. १५९९ च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. तिथे नेस्टोरियसला शाप द्यायला लावलं, त्याची आठवण उपासनेतून काढली, सिरियाक पोथ्या दुरुस्त करायला किंवा जाळायला मागवल्या. इफिसला ४३१ मध्ये ठरलेल्या एका गोष्टीसाठी बाराशे वर्षांनी मलबारमध्ये पोथ्या गेल्या. त्या पोथ्यांत काय काय होतं हे आता कुणालाच पुरतं कळणार नाही आणि याचं मला फार दुःख होतं. १६५३ मध्ये मट्टांचेरीला क्रुसाची शपथ घेऊन लोकांनी त्या सत्तेला नकार दिला, आणि त्यांतला आमचा गट १६६५ पासून अंत्युखियाच्या सिरियन परंपरेकडे गेला. म्हणजे ज्यांना रोमने 'दोन व्यक्ती मानता' म्हणून शिक्षा केली, त्यांचेच वंशज पुढे 'एकच स्वभाव मानता' म्हणून दोषी ठरले. त्या लोकांच्या येशूवरच्या श्रद्धेत मधल्या काळात तेवढा फरक पडला असेल, असं मला वाटत नाही.

११ नोव्हेंबर १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडच्या मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त निवेदनावर सही केली. त्यात त्यांच्या 'आपला देव आणि तारणारा ख्रिस्त याची माता' आणि कॅथलिकांच्या 'देवाची माता' या दोन्ही प्रार्थनांना एकाच श्रद्धेची रास्त रूपं म्हटलंय. १५९९ साली हे कुणी म्हटलं असतं तर!

---

वसईची_लेक

दादा, त्या जाळलेल्या पोथ्यांबद्दल आम्हा कॅथलिकांना खाली मान घालूनच बोलावं लागेल. मेनेझिस यांचा हेतू काहीही असो.

---

जुनी_पोथी

मी ख्रिस्ती नाही, पण एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा वाचक आहे, म्हणून एक भर घालतो. तुम्ही जो वाद मांडताय, "शास्त्र की मंडळीचा अधिकार," तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात शब्दशः घडलेला आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला; तिथे त्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत होत्या. हे अँग्लिकन कॅथलिक वळणाचे होते: परंपरा, संस्कार, मंडळीचा शब्द यांना मान देणारे. रमाबाईंच्या आधी नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, त्याच वळणाचे, आणि त्यांच्या लिखाणाचा रमाबाईंवर परिणाम झाला होता. पण बाप्तिस्म्यानंतर दोनच वर्षांत रमाबाई त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून विचारू लागल्या: अथनेशियसच्या नावाने म्हटला जाणारा मतांगीकार (श्रद्धेची ठरीव कबुली) मी का म्हणावा? त्रैक्य, ख्रिस्ताचं पूर्ण देवपण, कुमारीपासून जन्म हे मला बायबल वाचून जसं समजेल तसंच मी मानीन. १८८५ च्या मे महिन्यातल्या पत्रात त्यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: इथल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही.

सिस्टर जेराल्डीनना हा उद्धटपणा वाटला. मला तो वाटत नाही. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ केला, तिला 'मंडळी सांगते म्हणून' हे उत्तर पुरणारच नव्हतं. आणि गंमत बघा, पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्या येशूच्या प्रभुत्वावर ठाम उभ्या होत्या. त्या तिथे पोहोचल्या त्या स्वतः वाचून आणि स्वतःच्या अनुभवातून.

---

सीनाकाठचा

जुनी_पोथी, या प्रतिसादाने धाग्याला खरं वजन आलं. रमाबाईंचं उदाहरण दोन्ही बाजूंना अवघड आहे, हे मला त्यात आवडतं. आमच्या बाजूला अवघड अशासाठी, की 'फक्त बायबल वाच' म्हटल्यावर एक अत्यंत बुद्धिमान, प्रामाणिक बाई काही काळ तरी नायसियाच्या अलीकडे थांबली. सोळाव्या शतकातही हेच झालं होतं. सर्व्हेटसने शास्त्राच्याच नावाने त्रैक्य नाकारलं. आधी फ्रान्समध्ये व्हिएन गावी कॅथलिक न्यायालयाने त्याचा पुतळा जाळला आणि मग २७ ऑक्टोबर १५५३ ला प्रोटेस्टंट जिनिव्हात त्याला जिवंत जाळलं. तो डाग आमच्या कपाळावर आहे. परिषदा चुकू शकतात म्हणणाऱ्यांनी परिषदेच्या सूत्रासाठी माणूस जाळला, हे मला कधीच पचलेलं नाही.

आता मध्यस्थाचा मुद्दा. मूळ लेखात मी जो फाटा म्हटला, तो इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. प्रेषित पौल म्हणतो, देव आणि मानव यांच्यात मध्यस्थ एकच, 'मनुष्य' ख्रिस्त येशू. अक्वायनस म्हणतो, ख्रिस्त माणूस म्हणून मध्यस्थ आहे; देव म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा, मग मधला कसा? कॅल्व्हिन म्हणतो, दोन्ही स्वभावांनी मिळून. पोलंडमध्ये स्टँकारो नावाच्या इटालियन विद्वानाने 'फक्त मानवी स्वभावाने' असा आग्रह धरला, तेव्हा कॅल्व्हिनने १५६० आणि १५६१ मध्ये तिथल्या बांधवांना उत्तरं धाडली. त्याचं कारण मला पटतं. पापाची क्षमा करणं, मरणावर जय मिळवणं हे निव्वळ माणसाचं काम नाही.

आणि याच्याशी जोडलेली एक भीती. एरियसशी लढता लढता मंडळीने ख्रिस्ताचं देवपण इतकं उंच उचललं, की त्याचं आपल्यासारखं असणं लोकांच्या प्रार्थनेतून निसटलं. ल्यूथर आठवणीत सांगतो की त्याने लहानपणापासून येशू पाहिला तो इंद्रधनुष्यावर बसलेला न्यायाधीश म्हणून. असा न्यायाधीश वर बसला की माणूस आई शोधतो. मरियेच्या भक्तीचा फुगवटा मला या रिकाम्या झालेल्या जागेतून आलेला वाटतो. हा माझा एकट्याचा प्रोटेस्टंट तर्क नाही. ऑस्ट्रियाचे जेझुइट विद्वान योझेफ युंगमन यांनी १९२५ मध्ये जुन्या उपासनाविधींचा अभ्यास करून दाखवलं, की आधी प्रार्थना 'ख्रिस्ताच्या द्वारे पित्याला' केली जाई आणि एरियसविरोधी झुंजीनंतर ती अधिकाधिक थेट ख्रिस्ताकडे वळली, तसा त्याचा मध्यस्थपणा मागे पडला.

---

वसईची_लेक

युंगमन आमचेच, म्हणून त्यांचं ऐकायलाच हवं. पण दोन गोष्टी.

एक, रोमन मिस्सात तो जुना प्रवाह कधीच आटला नाही. मिस्साची मुख्य कृतज्ञतास्तुतीची प्रार्थना आजही पित्याला उद्देशून आहे, आणि आरंभीची प्रार्थना बहुतेक वेळा 'आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे' अशीच संपते. युंगमन ज्या बदलाबद्दल लिहितात तो पूर्वेकडच्या विधींत आणि लोकांच्या खासगी भक्तीत जास्त दिसतो.

दोन, येशूच्या माणूसपणाबाबत आमच्याकडेही कठीण प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारला नाहीत तरी मी मांडते. मार्क १३:३२ मध्ये येशू म्हणतो, त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही. लूक म्हणतो, तो ज्ञानाने वाढत गेला. कॅल्व्हिनने सरळ म्हटलं, माणूस म्हणून त्याला ठाऊक नव्हतं. अक्वायनसच्या परंपरेत मात्र येशूच्या मानवी आत्म्याला गर्भधारणेपासूनच देवाचं प्रत्यक्ष दर्शन होतं असं मानलं, आणि १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनीही तेच लिहिलं. मला यात येशूचं बाळपण हरवतं की काय असं वाटायचं. आजची कॅथलिक धर्मशिक्षा मात्र म्हणते की त्याचं मानवी ज्ञान मर्यादित होतं, त्याला विचारून-अनुभवून शिकावं लागलं. फक्त जे प्रकट करायला तो आला होता त्याविषयी तो अजाण नव्हता. हे मला ग्रेगरीच्या वाक्याशी जुळणारं वाटतं. शिकण्याचे कष्टही त्याने धारण केले.

---

उपासक_७२

ही मांडणी मला पहिल्यांदाच कॅथलिक तोंडून कळली. पण मग सीनाकाठचा यांचा प्रश्न तसाच राहतो. इतका जवळचा, शिकणारा, थकणारा, रडणारा प्रमुख याजक असताना इब्री ४:१५-१६ म्हणतं तसं थेट कृपेच्या राजासनाजवळ का जाऊ नये? संतांना विनंती कशाला?

---

वसईची_लेक

थेट जातोच. 'आमच्यासाठी विनंती कर' हे आम्ही मरियेला त्याच अर्थाने म्हणतो, ज्या अर्थाने तुम्ही बुधवारच्या प्रार्थनासभेत शेजारच्या बांधवाला म्हणता, माझ्यासाठी प्रार्थना करा. जे प्रभूत निजले ते त्याच्या शरीरातून तुटले असं आम्ही मानत नाही.

---

सीनाकाठचा

आणि आम्ही मानतो की तुटले नाहीत, पण त्यांना हाक मारायला शास्त्राने सांगितलेलं नाही. इथे आपण थांबलो आहोत, तिथेच सोळाव्या शतकातले लोकही थांबले होते. कोट्टयम_ते_खडकी, तुमच्या मंडळीत मध्यस्थपणाचं कसं मांडतात ते लिहाल का? एकच देहधारी स्वभाव मानला, तर अक्वायनस आणि कॅल्व्हिन यांचा वाद तुमच्याकडे उद्भवतच नसावा.

---

कोट्टयम_ते_खडकी

बरोबर ओळखलंत. 'कोणत्या स्वभावाने मध्यस्थ' हा प्रश्नच आम्हाला सिरिलविरुद्धचा वाटतो. मरतो तो देवशब्द, देहाने. विनंती करतो तो देवशब्द, देहाने. काम कुणाचं हे विचारायचं, कोणत्या भागाचं हे नाही. बाकी मरियेला आणि संतांना आम्ही प्रत्येक कुर्बानात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) हाक मारतो, त्या बाबतीत मी वसईच्या ताईंच्या शेजारी बसतो.

पोप लिओ पहिला यांच्या पत्रावर आमचा आक्षेप नेमका काय होता, हे मला सविस्तर लिहायचंय. त्यांचं एक वाक्य आहे, 'प्रत्येक स्वभाव दुसऱ्याच्या सहभागाने आपापलं काम करतो,' आणि डायोस्कोरसच्या लोकांना तिथेच नेस्टोरियस दिसला. त्यासाठी वेगळा धागा काढतो.